तांबे बाईंची साक्ष

माझी मोटरसायकल चोरीला गेली, असं मी एका सकाळी शाळेत येऊन जाहीर केलं, तेव्हा सगळे हळहळले. तिसरी-चौथीची मुलं हळहळली, खिचडी शिजवणाऱ्या पारूताई हळहळल्या, पाण्याची टाकी धुवायला आलेला अनोळखी माणूससुद्धा हळहळला. तांबे बाई तेवढ्या हळहळल्या नाहीत. त्या आमच्या मुख्याध्यापिका. हातातला खडू खाली ठेवून त्यांनी विचारलं,

"चोरताना कुणी पाहिली?"

"बाई, चोर काय लोकांना बोलावून चोरतो?"

"मग चोरीला गेली म्हणू नका म्हात्रे. दिसत नाही म्हणा."

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला आणि मधल्या सुट्टीत पोलीस ठाण्यात जाऊन रीतसर तक्रार दिली. एका पुढाऱ्याच्या पुतण्यावर संशयही व्यक्त केला. संध्याकाळी घरी जाताना नाक्यावर विक्रम रिक्षांच्या मागे माझी गाडी उभी. आदल्या दिवशी ती तिथे लावून मी मेव्हण्याच्या टेम्पोतून एका हळदीला गेलो होतो आणि परत येताना भलत्याच्याच गाडीवर बसून थेट घरी पोचलो होतो. आमच्याकडे हळदीच्या जेवणाला काय काय असतं हे रायगडच्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगितलं तर माझी नोकरी जाईल. दुसऱ्या दिवशी बाईंना म्हटलं, "गाडी सापडली."

"सापडली नाही," बाई म्हणाल्या. "आठवली."

एवढंच. हसल्या नाहीत. बाई विनोद करत नसत, त्यांच्यासमोर आपोआप माझाच व्हायचा.

आमचं गाव अलिबागपासून फार लांब नाही. नाव सांगत नाही, कारण गावानं मला आधीच पुष्कळ ऐकवलंय. जिल्हा परिषदेची शाळा, तीन शिक्षक, मागे खाडी, खाडीवर सुरूची झाडं. मी तिथे बदलून आलो तेव्हा बाईंचा दरारा असा की नारळ पाडणारा गडीसुद्धा शाळा भरली असली की नारळ दोरीनं हळू खाली सोडायचा. दिसायला बाई ठेंगण्या, फिकट रंगाची सुती साडी, घट्ट अंबाडा, आणि खांद्याला एक काळी पर्स. त्या पर्समध्ये चष्मा, रुमाल आणि हिंगाची गोळी. नवरा कंपनीत होता, तो लवकर गेला. मुलगा एकच, प्रवीण.

पाहिलं तेवढंच बोलायचं, हा त्यांचा घरचा संस्कार. त्यांच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातला देव्हारा उतरवला आणि सगळ्यांना बजावलं, की आता उगाच शपथा घ्यायच्या नाहीत. शपथेला धरायला देव उरला नाही, आता आपल्या शब्दालाच उभं राहायचं. हे बाईंनी मला एकदाच सांगितलं, तेही मी "आईशप्पथ" म्हणालो म्हणून.

वर्गातही तेच. मूल रडत यायचं, "बाई, ह्यानं माजा पेन घेतला!"

"पाहिलंस?"

"न्हाय, पन ह्योच घेतंय नेहमी."

"मग पेन हरवला एवढंच बोल. आणि शोध."

याचा परिणाम असा झाला की आमच्या शाळेतली पोरं चहाडी करायचीच थांबली. मला त्याचा तोटाच झाला. मी वर्गात डुलकी काढायचो तेव्हा कोण काय करतं हे मला कधीच कळायचं नाही.

एकदा वरून आदेश आला, व्यसनमुक्ती सप्ताह साजरा करा. घोषणा, फेरी, प्रदर्शन. फेरीसाठी भोंगा दिला नितीननं. नितीन म्हणजे बाईंचा जुना विद्यार्थी. मी येण्याआधीच चौथी पास होऊन गेलेला, आता गावचा कर्तासवरता तरुण. क्रिकेटच्या सामन्यांचे टी-शर्ट त्याचे, पालखीचा मांडव त्याचा, कुणाला दवाखान्यात न्यायचं तर गाडी त्याची. प्रदर्शनाची जबाबदारी माझी. मी मोबाईलवर शोध घेतला, तर मेथ नावाचं जे काही विष असतं ते काचेच्या खड्यांसारखं दिसतं असं कळलं. माझ्या डोक्यात वीज चमकली. घरून तुरटी आणली, ठेचली, बशीत मांडली, वर पाटी लावली: "मेथ. जीवघेणे. हात लावू नये."

हात कुणी लावला नाही. ओंकारनं जीभ लावली.

"मास्तर!" तो थुंकत ओरडला, "ही त तुरटी हाय!" त्याच्या बापाचं नाक्यावर सलून आहे. त्या पोराला दाढीनंतरच्या तुरटीची चव जन्मापासून ओळखीची. मी फसलो. पाहुणे म्हणून आलेले अधिकारी चहाचा कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मुलांना अमली पदार्थ चाखायला ठेवले, की चाखायला ठेवलेले अमली पदार्थ बनावट निघाले, नेमकं कशाबद्दल रागवायचं हे त्यांना ठरवता येईना.

बाई पुढे आल्या. "म्हात्रे, हे जे दाखवायचं होतं, ते तुम्ही कधी पाहिलंय?"

"नाही बाई."

"मीही नाही. पाटी बदला."

आणि त्या सप्ताहाच्या प्रदर्शनात, दारू-तंबाखूच्या चित्रांशेजारी, ती बशी शेवटपर्यंत "तुरटी" अशी पाटी लावून बसली होती. गावातल्या दोन-तीन म्हातारींनी तुरटीसुद्धा वाईट असते हे तेव्हापासून मनावर घेतलंय.

त्याच वर्षी, पावसाळा संपल्यावर, आम्ही दोघांनी ते खरोखर पाहिलं.

खाडीच्या तोंडाशी नितीनच्या वडिलांचा बर्फाचा कारखाना होता. मासळी कमी झाली, कारखाना बंद पडला. नंतर तो बाहेरच्या दोघांना भाड्यानं दिला. ते तिथे फिनेल बनवतात असं गावात सांगितलं जाई. वास यायचा खरा, डोळे चुरचुरायचे. पण फिनेलचा वास कसा असावा याबद्दल गावात कुणाचा अभ्यास नव्हता. एका दुपारी खिचडीच्या वेळेला पोलिसांची जीप शाळेच्या अंगणात येऊन थांबली. साहेब उतरले. म्हणाले, "दोन सरकारी माणसं द्या. पंच म्हणून."

पंच म्हणजे धाड घालताना जे होतं ते पाहायचं, खाली सही करायची, आणि पुढे खटला उभा राहिला की न्यायालयात येऊन तेच सांगायचं. या कामाला पोलिसांना सरकारी माणूस फार आवडतो. सरकारी माणूस पळून जात नाही, आणि गेलाच तरी पगाराला परत येतो. तिसऱ्या बाईंवर मुलं सोपवून आम्ही निघालो. तांबे बाईंनी पर्स घेतली. मी डबा घेतला. कुठे चाललोय याचा मला नीट अंदाज नव्हता.

कारखान्यात निळी पिंपं होती, गॅसच्या शेगड्या होत्या, काचेची भांडी होती. आणि ॲल्युमिनियमच्या परातींमध्ये पसरलेले चमकदार खडे. हुबेहूब. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगदी माझ्या प्रदर्शनासारखं!"

साहेब गर्रकन वळले. "कुठलं प्रदर्शन?"

हे समजावून सांगायला बराच वेळ गेला. तेवढा वेळ ते दोघे बाहेरचे आणि मी, असे तिघे एका ओळीत उभे होतो.

नितीन कोपऱ्यात उलट्या क्रेटवर बसला होता. बाई आत येताच तो सवयीनं उभा राहिला. "नमस्ते बाई."

"बस," बाई म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं. वर्गात उशिरा आलेल्याला म्हणाव्यात तसं.

झडती घ्यायच्या आधी आरोपीला त्याचा हक्क सांगावा लागतो: मोठ्या अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायाधीशासमोर झडती हवी का, असं विचारावं लागतं. हवालदारानं ते एका दमात मराठीतून म्हणून टाकलं. बाईंनी त्या दोघा परक्या माणसांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "यांना मराठी कळतं का?" मग ते पुन्हा हिंदीतून झालं. साहेबांनी घाम पुसला. मला वाटतं, या बाईंना आणलं ही चूक झाली, असं त्यांना तिथेच पहिल्यांदा वाटलं असावं. पण खटल्यात फितूर न होणारा पंच म्हणून त्यांचं नाव ठाण्यात घेतलं जायचं. आधी दोन चोऱ्यांत त्यांनी साक्ष दिली होती आणि दोन्ही चोर आत गेले होते.

माल पाकिटांत भरला. पाकिटांना दोरा बांधून, लाख वितळवून, त्यावर पितळी शिक्का मारायचा, की सील झालं. एक हवालदार पंचनामा लिहीत होता. वेळ वाचावा म्हणून ही मंडळी पुढचंही लिहून ठेवतात. मी तर न वाचताच सही ठोकून मोकळा झालो होतो. बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"यात पंचांसमक्ष सील केलं असं लिहिलंय. सील अजून झालेलं नाही."

"होतंय ना बाई. ही बघा, मेणबत्ती काढलीच."

बाईंनी पाहिलं. मेणबत्ती होती, काडेपेटी होती, लाखेची कांडी होती, पाकिटं समोर होती. त्यांनी सही केली.

आणि मेणबत्ती पेटेना. त्या कारखान्याची दारं-खिडक्या केव्हाच भंगारात गेलेल्या. समोर खाडी, दुपारचा वारा. काडी ओढली की विझे. दोन हवालदार आडोसा करून उभे राहिले, साहेबांनी टोपी धरली, मी माझा डबा उघडून त्याचं झाकण धरलं. एकदा पेटली. आतल्या वासानं माझं नाक मघापासून हुळहुळत होतं. मी शिंकलो.

त्यानंतर माझ्याकडे कुणी बराच वेळ बघितलं नाही. काडेपेटी संपली. "चला," साहेब म्हणाले, "ठाण्यात जाऊन करू."

जीपमध्ये तीन आरोपी, पाकिटं, पोलीस. जागा संपली. "तुम्ही दोघं मागून या," असं म्हणून जीप गेली. आम्ही चालत नाक्यावर आलो. एकच विक्रम उभी, आणि विक्रम भरल्याशिवाय सुटत नाही.

"भाऊ, पोलीस ठाण्यात जायचंय, अर्जंट," मी म्हटलं.

"मंग बसा की मास्तर. अजून दोन शीट हायेत. मच्छीवाल्या येतायत, मी त्यांना थांबतो बोललोय."

"अरे, सरकारी काम आहे!"

"त्यांची बी पाटी हाय न."

देशातला सगळ्यात कडक कायदा, त्यात वर्षानुवर्षं जामीन मिळत नाही, आणि त्याचे दोन पंच बोंबलाच्या पाट्यांची वाट बघत बसले होते. आम्ही ठाण्यात पोचलो तेव्हा पाकिटं टेबलावर ओळीनं मांडलेली होती. प्रत्येकावर लाल लाख, वर शिक्का, लाख कडक वाळलेली.

"हे कधी झालं?" बाईंनी विचारलं.

"आत्ताच. बसा, चहा घ्या."

"मग तसं लिहा. इथे झालं, आम्ही यायच्या आधी झालं."

हवालदार माणूस चांगला होता. तो ओशाळून म्हणाला, "बाई, सह्या झाल्यात. साहेब कागद घेऊन निघाले पण."

बाईंनी चहा घेतला नाही. परत येताना, बसमध्ये, म्हणाल्या, "म्हात्रे, मी न झालेल्या गोष्टीवर सही केली."

"बाई, झालीच की नंतर."

त्यांनी तिकिटाची घडी करून ती पर्समध्ये ठेवली.

खटला लवकर उभा राहिला नाही. बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या निरोप समारंभात मी भाषण केलं, त्यात "बाई आता आपल्यात नाहीत" असं म्हणून गेलो, ते सोडा. खटला उभाच राहीना म्हणून नितीनला जामीन मिळाला आणि तो गावात परतला. गावानं त्याला वाळीत वगैरे टाकलं नाही. पालखीचा मांडव पुन्हा त्याचाच.

प्रवीण, बाईंचा मुलगा, न्हावा शेवाकडे ट्रेलर चालवायचा. कंटेनर भरायला रांग, उतरवायला रांग, झोप कुठेच नाही. जागं राहायला काहीतरी घ्यावं लागतं, असं त्या रांगेतली माणसं बोलतात. त्याला आपण चहा समजतो. मग त्याची नोकरी सुटली आणि तो घरीच दिसू लागला. वाळलेला, डोळे मोठे, दात काळपट. पण हातात सतत काम. बाईंच्या पडवीत रेडिओ उघडलेला, मिक्सर उघडलेला, स्क्रू रंगाप्रमाणे लावून ठेवलेले. सकाळी जावं तर तो तिथेच, संध्याकाळी जावं तर तिथेच. मला वाटलं, वा, पोरगा मेकॅनिक झाला. मी घरचा टेबलफॅन नेऊन दिला. पंधरवड्यानं तो पोत्यातून परत आला. सुट्टा.

पोतं आणून देणाऱ्या बाईच होत्या.

"त्याला काही देऊ नका म्हात्रे. तो दुरुस्त करत नाही. नुसतं उघडतो."

"का बरं?"

"तुम्ही ती बशी मांडली होती ना, तसले खडे. ते ओढतो. मी पाहिलं."

पोतं माझ्या दारात होतं. मी म्हटलं, "बसा ना बाई, चहा टाकतो." त्या बसल्या. चहा झाला. मी पंख्याची पाती मोजण्याचं नाटक करत बसलो.

त्यांनी त्याला पनवेलला केंद्रात नेलं. स्वतःहून उपचाराला आलेल्यावर खटला भरत नाहीत, कायद्यात तशी सोय आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. प्रवीण पळून आला. पुन्हा नेलं. पुन्हा आला. गावात आला की त्याला कुठून मिळतं हे सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणजे गाव तसं म्हणायचं. बाई म्हणत नसत.

मग समन्स आलं.

सरकारी वकील तरुण होते, भले होते. न्यायालयाच्या व्हरांड्यात त्यांनी आम्हाला बाजूला घेतलं. "मास्तर, बाई, टेन्शन घेऊ नका. पंचनाम्याप्रमाणे बोलायचं. केस पक्की आहे. पाकिटं तुमच्यासमोर सील झाली, एवढं आलं की संपलं."

"मग काय होईल?" बाईंनी विचारलं.

"तिघेही आत. दहा वर्षं तरी, वीससुद्धा होतील."

"गावात हे यायचं बंद होईल?"

वकिलांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. प्रवीणची गोष्ट त्यांच्या कानावर असावी. "बराच काळ तरी होईल, बाई."

ते गेल्यावर मी म्हटलं, "बाई, एक 'हो'. फक्त एक. प्रवीणसाठी म्हणा."

"बघते," त्या म्हणाल्या.

आधी मला बोलावलं. मी आत गेलो आणि न्यायाधीशांना "गुड मॉर्निंग सर" म्हणालो, तेही दुपारी. माझे कान तापले होते. बहुतेक प्रश्नांना मी "आठवत नाही" म्हणालो, कारण खरोखरच त्या क्षणी मला माझ्या बायकोचं नावही आठवलं नसतं. शेवटी वकील म्हणाले, "आरोपी ओळखा." हे मात्र मला येत होतं. मी ठामपणे बोट दाखवलं.

"ते हवालदार आहेत," न्यायाधीश म्हणाले. "साध्या कपड्यात."

नितीनसुद्धा हसला. सगळेच हसले. मी खाली उतरलो तेव्हा सगळा खटला बाईंवर येऊन ठेपला होता.

कारकुनानं शपथ सांगितली, ईश्वरसाक्ष. बाई म्हणाल्या, "मी प्रतिज्ञेवर सांगेन." तसं त्यांनी सांगितलं. मग धाडीचं सगळं, पिंपं, पराती, झडती, एकेक. न्यायाधीश समोर बसलेल्या मुलीकडून टाइप करून घेत होते आणि मधून मधून मान वर करून बाईंकडे समाधानानं बघत होते. शाळेत असतात तशी स्वच्छ उत्तरं.

"नंतर पाकिटं सील केली?"

"केली."

"तुमच्यासमोर?"

बाईंनी पर्सचा बंद धरला होता. मी मागच्या बाकावर.

"नाही."

वकिलांना वाटलं, बाईंना प्रश्न ऐकू आला नाही. त्यांनी तो पुन्हा विचारला. बाईंनी उत्तर पुन्हा दिलं.

"पंचनाम्यात तसं लिहिलंय. खाली सही कुणाची?"

"माझी."

"वाचून केलीत?"

"वाचून केली. तेव्हा मेणबत्ती पेटवत होते. मला वाटलं, पेटेल."

सरकारी वकिलांनी न्यायाधीशांकडे वळून परवानगी मागितली. साक्षीदार फितूर झाल्याचं नोंदवलं गेलं. आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी करायची असते तेव्हा असं करतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त तो शब्द ऐकू आला, आणि बाईंनी मान किंचित तिरकी केली, एखाद्या मुलाचं उत्तर नीट ऐकू आलं नाही की करायच्या तशी.

"आरोपी नितीन तुमचा विद्यार्थी आहे."

"आहे."

"त्याला वाचवायला खोटं सांगताय."

"नाही."

वकील थांबले. पुढचं विचारायचं त्यांच्या मनात नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्यांनी विचारलं.

"तुमच्या मुलाला व्यसन आहे. त्याला या आरोपीकडून माल मिळतो. म्हणून तुम्ही आरोपीच्या दबावाखाली आहात."

आरोपीचे वकील हरकत घ्यायला उठले. त्यांच्याआधी बाई बोलल्या.

"मुलगा घेतो. ते मी पाहिलंय." मग, तेवढ्याच आवाजात, "याच्याकडून घेतो, ते पाहिलेलं नाही."

टाइप करणाऱ्या मुलीची बोटं थांबली. न्यायाधीश म्हणाले, "घ्या, लिहून घ्या." ती पुन्हा टाइप करू लागली.

बाहेर आलो. बाईंनी हिंगाची गोळी काढली, एक मला दिली. पायऱ्यांवर नितीन आला. "बाई, गाडी आहे, सोडू घरी?"

"नको," बाई म्हणाल्या. "बस आहे."

निकाल नंतर लागला. त्यात म्हटलं होतं: शिक्षा एवढी मोठी असते तेव्हा कायद्यानं घालून दिलेली प्रत्येक पायरी काटेकोर पाळली गेली पाहिजे. सील कुठे झालं, कधी झालं, मधे पाकिटं कुणाच्या ताब्यात होती, याबद्दल शंका उरते. शंकेचा फायदा आरोपींना. तिघेही सुटले. नाक्यावर फटाके वाजले. कुणीतरी गावच्या ग्रुपवर बाईंचा शाळेतला जुना फोटो टाकून खाली "फितूर" असं लिहिलं. कुणी म्हणे पैसे घेतले, कुणी म्हणे घाबरली, कुणी म्हणे जुन्या विद्यार्थ्याची माया. मच्छीवाली रखमाबाय तोंडावर बोलली, तीच काय ती.

"बाय, आयुष्यभर खरा बोललीस, कोन न्हाय बोलतंय? पन एक डाव पोराचा इचार करायचा व्हतास."

"केला," बाई म्हणाल्या आणि पापलेटाचा कल्ला उघडून बघितला. "ताजं आहे?"

मी मात्र त्यांच्याकडे जात राहिलो. काय करणार, मला गावात दुसरं कोण बसवून घेतं? एकदा पेपर घेऊन गेलो. सरकारनं कायदा आणखी कडक केला होता. हा धंदा करणाऱ्यांना आता संघटित गुन्हेगारीचं कलम लागणार होतं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. बाई वालाचं बिरडं सोलत होत्या. आतल्या खोलीत प्रवीण काहीतरी उघडत होता, स्क्रू पडल्याचा आवाज यायचा.

"बरं केलं," बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्हाला राग येत नाही?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, मला दिसलं. "येत असेल," म्हणाल्या, "पण समजत नाही." आणि पुढचा वाल सोलला.

बर्फाच्या कारखान्याला नवा पत्रा लागला. मग नवं दार, नव्या खिडक्या. तिथे काय सुरू झालं मला माहीत नाही. मी पाहिलेलं नाही. प्रवीण मात्र दुपारी घरातून निघून त्या बाजूला चालत जायचा, आणि बाई दारात उभ्या राहून तो वळणापर्यंत बघायच्या. वळणाच्या पुढचं दिसत नाही.

मग त्यांनी घर बंद करायचं ठरवलं. महाडच्या आतल्या बाजूला भावाची भातशेती आहे, तिथे खाडी नाही, नाका नाही, दिवसाला एक बस. मला सांगितलं नाही. मी त्या सकाळी योगायोगानं स्टँडवर होतो, चुकीच्या बसमध्ये बसून चुकीच्या गावी जायच्या तयारीत. पलीकडच्या फलाटावर बाई दिसल्या. पत्र्याची मोठी ट्रंक, दोन पिशव्या आणि प्रवीण. तो आधीच खिडकीशी जाऊन बसला होता. खिडकीच्या काचेचा स्क्रू नखानं फिरवत होता.

ट्रंक जड होती. मी उतरून पलीकडे जाईपर्यंत कुणीतरी ती उचलली, खांद्यावर घेतली आणि बसच्या मागच्या दारानं आत सरकवली. नितीन. तो कुणाला तरी सोडायला आला असावा. गावातल्या कुणाची ट्रंक जड दिसली तर तो उचलतोच. हात झटकत खाली उतरून म्हणाला, "झालं बाई. पिशव्या द्या."

बाईंनी पिशव्या दिल्या.

आत प्रवीणनं मान वर केली. नितीन दिसला तसा तो सीटवरून उठला. पटकन, कित्येक महिन्यांत मी त्याला इतक्या पटकन काही करताना पाहिलं नव्हतं. बाई तोवर आत चढल्या होत्या. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खाली बसवलं. तो पुन्हा उठायला लागला. त्यांनी पुन्हा बसवलं. मग त्या त्याच्या शेजारी, वाटेच्या बाजूला, पर्स मांडीवर घेऊन बसल्या आणि हात त्याच्या खांद्यावर तसाच ठेवला.

कंडक्टरनं घंटी मारली. बाईंनी खिडकीतून आमच्याकडे पाहिलं. दोघांकडे. डोकं किंचित हलवलं, शाळा सुटल्यावर फाटकाशी हलवायच्या तसं.

बस निघाली. मी हात वर केला. शेजारी नितीननंही केला. बस वळणावर गेली, दिसेनाशी झाली, आणि आम्ही दोघे हात वर करून तसेच उभे होतो.